आटपाट नगरला मेट्रो जात नाही

नगर स्टेशनवर दिल्लीची गाडी फार वेळ थांबत नाही. जो काही वेळ मिळाला त्यातला निम्मा आईने पिशव्या चढवण्यात घालवला आणि उरलेला त्या पिशव्यांत काय काय आहे हे सांगण्यात. चटणी वर आहे, भाकरी आजच संपवा, लोणच्याची बरणी आडवी करू नका. नाना खिडकीचा गज धरून उभे होते आणि राहून राहून एकच वाक्य म्हणत होते, 'दिल्ली म्हणजे काही विलायत नाही.' ते मला समजावत होते की स्वतःला, कोण जाणे. दीड वर्षाची मुक्ता माझ्या मांडीवर बसून भलत्याच बाजूला, पलीकडच्या फलाटावरच्या एका हमालाला मन लावून टाटा करत होती. गाडी हलली तशी आई चार पावलं बरोबर चालली आणि म्हणाली, 'तोंड उघडं ठेव गं. बोलत राहिलं की माणसं जोडली जातात.'

मला तेव्हा हसूच आलं. माझं तोंड बंद कसं करायचं, ही काळजी आजवर लोकांना होती. मी सावेडीतल्या एका बालवाडीची बाई. रोज सकाळी सतरंजीवर पोरांचा गोतावळा बसायचा आणि मी गोष्ट सांगायची. गोष्टीत वाघ आला की मी वाघ, म्हातारी आली की मी म्हातारी. शेजारच्या दुकानदाराने एकदा तक्रारही केली होती की बाईंच्या डरकाळीने गिऱ्हाईक दचकतं. अशा बाईला दिल्लीत जाऊन मुकं व्हावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तिकडे राहिलेल्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, 'मजेत ना?' आणि मी 'मजेत' म्हणते. माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, तुम्ही विचारतच नाही, कारण तुम्हाला उत्तर माहीत असतं. हे दोघांसाठी लिहिते आहे. आधीच सांगून टाकते, मी इथे रमलेली नाही. माझ्या नवऱ्याची, हेमंतची, नोकरी गुरुग्रामला आहे, चांगली आहे, ती सोडून नगरला परतण्याचा विषय आमच्याकडे दर दिवाळीला निघतो आणि फराळाबरोबर संपतो. तेव्हा ही काही 'आणि मग मला दिल्ली आवडू लागली' अशा वळणाची हकिगत नाही.

आम्ही राहतो द्वारकेत, नवव्या मजल्यावर. सोसायटीला दोन गेट, गेटवर गार्ड, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला 'किसके यहां जाना है?' असं दरडावून विचारण्याची पद्धत. पहिले काही दिवस तो गार्ड मलाही विचारायचा. मी कुणाकडेच जात नव्हते, मी तिथेच राहत होते, पण हे सांगताना माझी जीभ इतकी अडखळायची की त्याचा संशय वाढायचा. सोसायटीतल्या बायका विचारत, 'आप कहां से हो?' मी म्हणायची, 'नगर से.' 'कौन सा नगर?' 'नगर. बस नगर.' त्या एकमेकींकडे बघत. इथे प्रत्येक नगराला पहिलं नाव असतं. सरोजिनी नगर, लक्ष्मीबाई नगर, काहीतरी नगर. नुसतं नगर म्हणजे जणू अर्धा पत्ता. आमच्या गावाचं नाव आता पाटीवर वेगळं आहे, पण तोंडातून अजून नगरच बाहेर पडतं आणि ते इथे कुणाला पोचत नाही.

विमानतळ जवळ. विमानं इतकी खाली येतात की त्यांची चाकं दिसतात. हेमंत सकाळी निघाला की थेट अंधार पडल्यावर घरी. दिवसभर मी, मुक्ता आणि विमानं. डोक्यावरून इतकी माणसं रोज कुठे ना कुठे जात होती, आणि मी मात्र दुधाची पिशवी आणायला खाली गेले तरी मोठी सहल झाल्यासारखं वाटायचं. हिवाळ्यात तर तेही बंद. हवा अशी की खिडकी उघडायची सोय नाही. बाहेरचं धुरकट, आतलं कोंदट, आणि दोन्हीच्या मधे मी.

मुक्ता अडीच वर्षांची झाली तरी नीट बोलेना. आई, पापा, पाणी, भूभू, असे मोजके शब्द, तेही मनात आलं तर. व्हिडिओ कॉलवर नाना 'बोल गं मुक्ते' म्हणून आर्जवं करायचे आणि ही मोबाइलच्या कडेला लागलेलं कव्हर सोलत बसायची. एकदा माझी आत्या मागून म्हणाली, 'नाव मुक्ता आणि पोर मुकी.' आत्याचा स्वभाव मला माहीत आहे, तिच्या जिभेला हाड नाही. पण तो शब्द माझ्या छातीत रुतून बसला. गावातल्या सगळ्यांच्या पोरांना बोलतं करणाऱ्या बाईची स्वतःची पोर मुकी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

म्हणून तिला जवळच्या एका प्लेस्कूलमध्ये नेलं. दारावर मोठ्या रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, 'शिक्षा का पहला कदम.' मी तो शब्द मराठीत वाचला असता तर तिथूनच मागे फिरले असते, आणि फार बरं झालं असतं. पण मी तेव्हा नवी होते, शहाण्यासारखी हिंदीत वाचून आत गेले. तिथल्या मॅडमनी मुक्ताला दोन-चार खेळणी दिली, थोडं निरीक्षण केलं आणि मला विचारलं, 'घर में कौन सी भाषा बोलते हैं?'

'मराठी.'

'और बाहर हिंदी, स्कूल में इंग्लिश. बच्ची कन्फ्यूज हो रही है. आप घर में मराठी बिल्कुल बंद कर दीजिए. एक ही लँग्वेज रखिए.'

त्या अगदी प्रेमाने बोलल्या. घरात फार जिरं घालू नका, पित्त होतं, अशा सुरात. हेमंतला सांगितलं तर तो म्हणाला, 'त्या रोज इतकी मुलं बघतात. करून बघू यार.' त्याला सोपं होतं. त्याचं दिवसभराचं बोलणं तसंही हिंदी-इंग्रजीत चालायचं. घरी आला की तो 'चलो बेटा' म्हणायचा आणि त्याचं काम व्हायचं. माझी हिंदी मात्र भाजीवाल्यापुरती. पाव किलो भेंडी घेता येईल एवढी. तेवढ्या हिंदीत पोरीवर रागावता येत नाही, लाड करता येत नाहीत, आणि गोष्ट तर नाहीच नाही.

तरी मी प्रयत्न केला. बालवाडीत माझी एक हुकमी गोष्ट होती. राजा झोपेतून उठतो आणि बघतो तर त्याची एक चप्पल गायब. मग तो एका पायावर लंगडी घालत नगरभर हिंडतो आणि भेटेल त्याला विचारतो, 'माझी चप्पल पाहिलीत का?' लंगडी आली की पोरं उठून लंगडी घालायची, सतरंजीवर नुसती धूळ. मुक्ता अगदी लहान असताना तिलाही ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल. आता ती हिंदीत सांगायला बसले. 'एक राजा था' इथवर गाडी ठीक. पुढे लंगडीला हिंदीत काय म्हणायचं, ते सुचेना. शेवटी म्हणाले, 'फिर राजा लंगडा हो गया.' मुक्ताने माझ्याकडे असं पाहिलं, जणू राजाला खरंच काहीतरी भयंकर झालंय. तिचा ओठ थरथरला. मी घाईघाईने 'नहीं नहीं, ठीक हो गया' म्हटलं आणि राजाला तिथेच सोडून स्वयंपाकघरात गेले.

त्यानंतर घरात गोष्टी बंद झाल्या. टॅबलेट आला. त्यात ससे इंग्रजीत गायचे आणि मुक्ता गप्प बसून बघायची. मी तिला 'खाना खाओ, पानी पियो, सो जाओ' एवढंच म्हणायची. कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही बाई पगारावर ठेवलेली आहे आणि खरी आई अजून यायची आहे. कोंडून घातल्यासारखं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. दार उघडं होतं, लिफ्ट होती, मेट्रो होती. पण तोंडातून शब्द बाहेर काढायची बंदी असली की माणूस कुठेही गेला तरी कोंडलेलाच राहतो.

आणि मग एका दुपारी खरोखरच कोंडलो.

दूध आणि कोथिंबीर घेऊन आम्ही दोघी लिफ्टमध्ये शिरलो. आमच्यामागोमाग सातव्या मजल्यावरच्या चोप्रा आंटी आल्या, हातात भाजीच्या दोन जड पिशव्या. लिफ्ट थोडी वर गेली, हिसका बसला आणि मधेच थांबली. मोठा दिवा गेला, कोपऱ्यातला मिणमिणता तेवढा राहिला. आंटींनी बटण दाबून धरलं. पलीकडून गार्डचा आवाज, 'मॅडम, बस दो मिनट.' दिल्लीतली दोन मिनिटं म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. आंटी 'हे राम' म्हणून पिशव्यांवरच बसल्या. मुक्ताने माझा कुर्ता मुठीत धरला आणि असा टाहो फोडला की मला घाम फुटला.

मी हिंदीत समजवायला गेले तर हिंदी कुठेच सापडेना. भीती वाटली की माणूस आपल्या भाषेत पळतो. मी तिला कडेवर घेतलं आणि तोंडातून आपोआप बाहेर पडलं, 'आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. एकदा काय झालं, राजा झोपून उठला, बघतो तर काय, एकच चप्पल!' मुक्ताचा आवाज एक पट्टी खाली आला. 'मग राजाने काय केलं? राजाने घातली लंगडी!' आणि मी तिला कडेवर घेऊन, त्या लिफ्टमध्ये, एका पायावर उडी मारली.

'अरे हिलो मत!' आंटी ओरडल्या. 'गिराओगी क्या?'

मग मी जागच्या जागी, पाय न उचलता लंगडी घातली, नुसती खांद्यांनी. राजा कावळ्याकडे गेला, राजा बकरीकडे गेला. मुक्ताचं रडणं थांबलं होतं. हुंदके येत होते, पण डोळे माझ्या तोंडावर. आंटीही कान देऊन ऐकत होत्या. त्यांना राजा कळला, चप्पल कळली, बाकीचं त्यांनी माझ्या हातवाऱ्यांवरून जुळवलं असावं. बकरीपाशी मी श्वास घ्यायला थांबले तर त्यांना राहवेना.

'फिर? चप्पल किसने ली?'

मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे अडकले. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून, शेंबडा, खरखरीत, पण स्पष्ट आवाज आला.

'भूभू ले गया.'

मी मान वळवून बघितलं. मुक्ता आंटींकडे बघत होती. या बाईंना एवढंही माहीत नाही, असा चेहरा. 'चप्पल भूभू ले गया,' तिने पुन्हा सांगितलं.

'अच्छा जी! भूभू ले गया?' आंटी म्हणाल्या. 'बडा बदमाश है भूभू!'

'बदमाश भूभू,' मुक्ता म्हणाली आणि हसली.

मी लिफ्टच्या भिंतीला टेकले आणि रडले. मोठ्याने, लाज सोडून. आंटींना वाटलं मला कोंडल्यासारखं होतंय, त्या कोथिंबिरीच्या जुडीने मला वारा घालू लागल्या. लिफ्ट कधी सुरू झाली ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ते वाक्य अर्धं माझं होतं आणि अर्धं दिल्लीचं. भूभू नगरचा, ले गया इथलं. मॅडमना ज्याची भीती वाटत होती तोच गोंधळ, आणि त्याच गोंधळातून माझ्या पोरीचं पहिलं अखंड वाक्य निघालं होतं. इतके महिने तिने ती गोष्ट सांभाळून ठेवली होती. ती मुकी नव्हती. तिच्याशी कुणी काही सांगण्यासारखं बोलतच नव्हतं.

संध्याकाळी हेमंतला सांगितलं, आजपासून या घरात मी मराठी बोलणार. तो म्हणाला, 'एकदा मॅडमना विचारू या का?' मी म्हटलं, 'मॅडमना मी सांगते.' माझा आवाज बहुधा बालवाडीतल्या वाघाचा लागला असावा, कारण त्याने पुढे विचारलं नाही. बूट काढून तो मुक्तासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, 'मलाही सांग की, चप्पल कुणी नेली?'

तुमच्या घरात लहान मूल असेल तर एक सांगते, बालवाडीच्या हक्काने. गोष्ट सांगितल्याने मूल हुशार होतं, शब्द वाढतात, असं लोक म्हणतात, होत असेलही. मला त्यापेक्षा साधी गोष्ट दिसते. मूल बोलतं ते गोष्ट पुढे सरकावी म्हणून. 'मग?' हा शब्द त्याला कुणी शिकवावा लागत नाही. पण आधी कुणीतरी गोष्ट सुरू करून मधेच थांबावं लागतं, आणि पुढे काय झालं हे त्या चिमुरड्याला विचारायची खरी उत्सुकता असावी लागते. ती आंटींना होती. भाषा समजत नसताना होती.

त्यानंतर मुक्ता जी सुटली ती सुटलीच. चार वर्षांची असताना एकदा सरोजिनी नगरला स्वेटर घेऊन मेट्रोने परत येताना तिने विचारलं, 'आई, आटपाट नगरला कौन सी मेट्रो जाते? ब्लू वाली?' डब्यातली एक मराठी बाई तोंडाला ओढणी लावून हसली. मी म्हटलं, तिथे मेट्रो जात नाही. 'मग राजा ऑटोने जातो?' लक्ष्मीबाई नगरला हेमंतच्या मित्राला सरकारी क्वार्टर मिळालं होतं, ते ती बघून आली होती. म्हणून पुढचा प्रश्न, राजाला पण क्वार्टर मिळालं का? घरी येईपर्यंत तिने सगळा हिशेब लावून टाकला. सगळ्या नगरांना पहिलं नाव असतं, आईच्याच नगराला नाही, म्हणजे आईच्या नगराचं पूर्ण नाव आटपाट. मला इतकी वर्षं विचारत होते ना, कौन सा नगर? तिने उत्तर शोधून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिला नगरला नेलं. स्टेशनवर उतरल्या उतरल्या तिने नानांना विचारलं, राजा कुठे आहे? नाना म्हणाले, 'राजे बरेच होऊन गेले बाळा, आता नुसती ट्रॅफिक आहे.' घरी माझी भाची स्वरा तिच्या मराठीला खोखो हसली. 'मी पाणी पिली' म्हणते ही! पण स्वराच्या हातातून मोबाइल सुटत नव्हता, आणि वहिनीला गोष्ट सांगायला सवड नव्हती. माझी बालवाडी बंद झाली होती. त्या जागी इंग्रजी पाटीची नर्सरी, आणि जिथे आम्ही लंगडी घालायचो तिथे गाड्या लावलेल्या. दुपारी मुक्ताने स्वराला चपलेची गोष्ट सांगितली, तिच्या त्या निम्म्या-निम्म्या बोलीत. स्वरा आधी बोलीला हसली, मग हसायची थांबली, आणि मग म्हणाली, 'मग?' मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला एकदम फार एकटं वाटलं. ज्या नगरला परत जायचं म्हणून मी दिल्लीत सामान न उघडल्यासारखी राहत होते, ते आता तिथे नव्हतं. पुढची वाट बंद आहे असं मी इतके दिवस समजत होते. मागचीही उघडी नाही, हे त्या दुपारी कळलं.

आता मुक्ता सहा वर्षांची आहे. हे लिहिते आहे तेव्हा शाळेला पुन्हा खराब हवेची सुट्टी लागली आहे. सगळं बंद करून आम्ही घरात. काल दुपारी ती म्हणाली, आज तू नाही, मी सांगते. मी कपड्यांच्या घड्या बाजूला ठेवल्या.

'एक आई होती. तिला दिल्ली अच्छी नाही वाटत होती.'

हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तिच्या देखत फोनवरही मी 'मजेत'च म्हणते.

'मग?' मी विचारलं.

'मग ती रोज खिडकीत खडी रहायची. खूप वेळ. विमान बघायची. तिची मुलगी पीछे बसलेली असायची.'

'मग?'

'मग मुलगी म्हणाली, आई, खिडकी तर बंद आहे. इकडे बघ ना.'

ती बोलायची थांबली. घर म्हणजे काय, हे मला आता कुणी विचारलं तर मी नगर म्हणणार नाही आणि द्वारकाही म्हणणार नाही. ज्याला आपली गोष्ट न सांगता कळलेली असते, तो जिथे बसलेला असेल ती जागा, असं काहीतरी म्हणेन. पण ते काल सुचलं नाही. काल मी फक्त विचारलं, 'मग आईने काय केलं?'

'मला काय माहीत,' मुक्ता म्हणाली. 'ते तू सांग.'